मिशन गेलं, मागे काय राहिलं?

निंबोणी (धागाकर्ती):

आजीची ट्रंक आवरताना तळाशी नऊवारीत गुंडाळलेला पितळी बिल्ला सापडला. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंगचं ट्रेनिंग पुरं केल्यावर मिळालेला. कडेची अक्षरं पार झिजली होती, कारण आजी दर दिवाळीला तो चिंचेने घासायची. तिची आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. सही म्हणजे अंगठा. अशा घरातली मुलगी पन्नासच्या दशकात पांढरा गणवेश घालून वॉर्डात उभी राहिली आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेऊ लागली. त्या पगारातून दोन धाकटे भाऊ शिकले, पाच गुंठे जमीन झाली आणि पुढे माझ्या आईचं कॉलेज झालं. आजी धर्माने ख्रिस्ती नव्हती, शेवटपर्यंत झाली नाही. गादीवर चादर घालताना कोपरा मात्र ती मिरजेत शिकवल्यासारखाच दुमडायची. आम्ही नातवंडांनी चुकवला तर पूर्ण चादर ओढून परत घालायला लावायची.

तो बिल्ला हातात घेतल्यापासून एक प्रश्न डोक्यात आहे. चर्चने, मिशनने आपल्याकडे शाळा काढल्या, दवाखाने काढले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातलं टिकलं काय आणि का टिकलं?

थोडं मागे जाऊन बघते. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३मध्ये मुंबईत उतरली. नगरला त्यांचं ठाणं १८३१मध्ये झालं. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ला मुंबईत आली, पुढे नगरला गेली आणि १८६२मध्ये नगरलाच वारली. तिच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या. त्या पाहूनच आपल्याला मुलींच्या शाळेची कल्पना सुचली, असं त्यांनी मिशनच्याच 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १८५३ साली सांगितलं आहे. १८४८मध्ये भिडेवाड्यात शाळा निघाली. फुले स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. फुल्यांनी मिशनकडून शाळा कशी चालवायची ते घेतलं आणि धर्म घेतला नाही. मला इथे मिशनच्या कामाचं खरं फळ दिसतं: शिकवणाऱ्याच्या हातातून वस्तू सुटली आणि शिकणाऱ्याची झाली.

जिथे चर्चने फक्त दिलं तिथे ते देणं थांबल्यावर सगळं थांबलं. जिथे कसब आणि किल्ल्या इथल्या माणसांच्या हाती गेल्या तिथे काम चालू राहिलं. माझं म्हणणं हे एवढंच आहे. तुमच्या गावचे, घरचे अनुभव लिहा, विरोधातले असले तरी लिहा.

रुळाकडेचा:

सुंदर लिहिलंय. मी मिरजेचाच. डॉ. विल्यम वानलेस १८८९मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ला मिरजेत हॉस्पिटल सुरू झालं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे कर्नाटकातून, कोकणातून, मराठवाड्यातून पेशंट गाडीने येत. आमच्याकडे अजून रात्रीच्या गाडीला कुणी गाठोडं घेऊन उतरलं की रिक्षावाला विचारतो, "कुठला दवाखाना?" सांगलीकडे जाताना वानलेसवाडी लागते, तिथे क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र हॉस्पिटल होतं.

आज मिरजेत गल्लोगल्ली हॉस्पिटलं आहेत. लॅब, मेडिकल दुकानं, पेशंटच्या नातेवाइकांच्या खानावळी, लॉजेस, सगळा गावगाडा त्यावर चालतो. त्याची सुरुवात एका मिशन हॉस्पिटलापासून आणि तिथे तयार झालेल्या डॉक्टर-नर्सेसपासून झाली. धर्माशी काही देणंघेणं नसलेली हजारो कुटुंबं त्यावर जेवतात. तुमच्या आजींना नमस्कार.

कृष्णाकाठ:

चांगला विषय आहे, पण एक बाजू राहते आहे, म्हणून लिहितो. हे सगळं धर्मप्रसारासाठी होतं. मिशनऱ्यांनी ते कधी लपवलंही नाही. त्यांचे वार्षिक अहवाल काढून बघा, किती जणांचा बाप्तिस्मा झाला हा आकडा शाळा आणि दवाखान्यांच्या आकड्यांशेजारीच असायचा. १८७६ ते ७८च्या दुष्काळात आणि पुन्हा शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत माणसं उपाशी मरत होती. त्या वेळी अन्न देणारा हात आणि धर्म देणारा हात एकच असेल, तर घेणाऱ्याला निवड कितपत होती?

आमच्या गावात आजही "भाकरीसाठी बाटले" असं काही घरांबद्दल बोललं जातं. मला तो शब्द आवडत नाही, त्यात त्या माणसांचा अपमान आहे. पण तो शब्द आला कुठून, याचा विचार विकासाचा हिशेब मांडताना व्हायला हवा. गावात भावकी तुटली, सोयरीक तुटली. हेही खर्चाच्या बाजूला लिहा.

निंबोणी:

कृष्णाकाठदादा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो टाळून पुढे जायचं नाही. हेतू होता. उपाशी माणसाला निवड नसते, हेही खरं.

फक्त एक जोडते. घेणारी माणसं मातीचे गोळे नव्हती. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण इंग्लंडमधल्या ज्या सिस्टर्सनी (ख्रिस्ती संन्यासिनींनी) त्यांना आसरा दिला त्यांच्याशीसुद्धा त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. कुणा बिशपच्या हुकमाखाली माझा विवेक बांधणार नाही, हा त्यांचा सूर. १८८९ला मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांसाठी. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथे नुसती खिचडी वाढली नाही. विणकाम होतं, गोठा होता, तेलाचा घाणा होता, अंध मुलींना ब्रेल शिकवत आणि छापखाना बायका चालवत. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी बायबल मराठीत आणलं, त्याचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) त्या दुष्काळातून आलेल्या मुलींनी जुळवले. रमाबाई १९२२मध्ये गेल्या, ते बायबल १९२४ला बाहेर पडलं. ज्या मुलीला घरच्यांनी टाकलं होतं ती ग्रीक खिळे जुळवते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

खिळेजुळारी:

छापखान्याचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या छपाई आहे. मराठी छपाईचा धंदा मुंबईत उभा राहिला त्यात अमेरिकन मिशनच्या छापखान्याचा मोठा वाटा आहे. टॉमस ग्रॅहम तिथे देवनागरी टाइप पाडायचा. जावजी दादाजी लहान वयात त्याच्या हाताखाली कामाला लागले. तिथून शिकून बाहेर पडले आणि स्वतःची फाउंड्री काढली. तोच पुढे निर्णयसागर छापखाना. संस्कृत ग्रंथ, पोथ्या, पंचांग, सगळं त्या सुबक टाइपात देशभर गेलं. मिशनने टाइप पाडला येशूची पुस्तकं छापायला, आणि त्या कसबातून आपल्या पोथ्या घराघरांत गेल्या. निंबोणीताई म्हणतात ते हेच ना?

पानमळा:

वसईतून लिहितोय, आमच्याकडे ख्रिस्ती माणूस म्हणजे बाहेरचा असं कुणाच्या मनातही येत नाही. पोर्तुगीज काळापासूनचे आम्ही, शेती, वाडी, केळी, पानवेली. घरात बोली, चर्चमध्ये मराठी मिस्सा (उपासनाविधी).

मला पैशाबद्दल सांगायचंय. शेतकऱ्याला पैसे कधी लागतात? विहीर उपसायला, पंप बसवायला, मुलीच्या लग्नाला, आजारपणाला. तेव्हा सावकाराशिवाय दार नव्हतं. केळीचं पीक उभं असतानाच ते त्याच्या नावावर झालेलं असे. १९१८मध्ये मोन्सेन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी पतपेढी सुरू केली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. कल्पना नवी नव्हती. जर्मनीत राइफायझनने एकोणिसाव्या शतकात खेड्यातल्या लोकांच्या पतसंस्था काढल्या होत्या. सगळे एकमेकांना ओळखतात, एकमेकांचे जामीन राहतात, हा त्याचा पाया. रांचीकडे फादर हॉफमन यांनी १९०९मध्ये आदिवासींसाठी तशीच कॅथॉलिक पतसंस्था काढली.

आमच्या आजोबांचं पासबुक मी पाहिलंय. आठवड्याला आठ आणे, रुपया, कधी चार आणे. आज आकडा हास्यास्पद वाटेल, पण त्या आठ आण्यांच्या ओळींखाली शेवटी एक मोठी ओळ आहे, ती इंजिनाची. विहिरीवर पहिलं इंजिन बसलं तेव्हा वाडीत पेढे वाटले होते. पॅरिशमधला, म्हणजे त्याच चर्चचा माणूस बुडवणार नाही, कारण रविवारी त्याला त्याच बाकावर बसायचं आहे. एवढ्या साध्या गोष्टीवर बँक उभी राहिली. फुकट काही नव्हतं, व्याजासकट परत करायचं होतं.

नंतर बिल्डर आणि टँकरवाल्यांनी वसईचं पाणी ओरबाडायला घेतलं तेव्हा हरित वसईचं आंदोलन झालं, त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. तेच २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वाडीच राहिली नाही तर बँकेच्या कर्जाचं करायचं काय, हे त्या लोकांना कळलं होतं.

भुईचा:

सगळं वाचतोय. छान आहे. आता आमचं ऐका.

आम्ही नगर जिल्ह्यातले. पणजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. कृष्णाकाठ, तुम्ही "भाकरीसाठी बाटले" हा शब्द काढलात, आणि तो आवडत नाही म्हणालात, त्याबद्दल आभार. पण भाकरीसाठी झाले असतील तरी मला त्याची लाज नाही. ज्या गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही त्या गावाला विचारायचा हक्क नाही. पणजोबा पाटीवर पहिलं अक्षर काढायला शिकले ते मिशनच्या शाळेत. आमच्या घरात शिक्षक, कंपाउंडर, तलाठी झाले ते त्या पाटीमुळे.

आता दुसरी बाजू. चर्चमध्ये जात संपली असं कुणी सांगू नये. बऱ्याच ठिकाणी महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक होत नाही, बसायच्या जागाही ठरलेल्या. आणि सरकार दरबारी? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६मध्ये शीख आले, १९९०मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर. म्हणजे गावात जात चिकटलेली आणि कागदावर जात नाही. माझ्या भावाला फीची सवलत मिळाली नाही, चुलतभाऊ बौद्ध, त्याला मिळाली. दोघांचे पणजोबा एकच.

आणखी एक. आमच्या गावात मिशनचं मोठं कंपाउंड होतं, शाळा, होस्टेल, बंगला, चिंचेची झाडं. स्वातंत्र्यानंतर गोरे गेले, कारभार आपल्या लोकांकडे आला. हळूहळू जमिनीचे तुकडे विकले गेले. पैसा कुठे गेला, कुणी विचारलं तर कोर्ट-कचेरी. होस्टेल बंद पडलं, शाळेचं छप्पर गेलं. निंबोणीताई, किल्ल्या आपल्या हातात आल्या म्हणून सगळं टिकतं असं नाही. किल्ल्या कुणाच्या हातात आल्या, आणि त्याला हिशेब विचारणारं कोण होतं, ते बघा.

निंबोणी:

भुईचा, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. तुम्ही बरोबर आहात, माझं वाक्य अर्धवट होतं. पानमळांच्या बँकेत हिशेब दर रविवारी समोरासमोर होत होता. तुमच्या कंपाउंडचा हिशेब कुणाकडेच नव्हता. जमीन परदेशातल्या बोर्डाच्या नावावर, तिथून ट्रस्टच्या नावावर, आणि ज्यांच्या मुलांसाठी शाळा होती ती माणसं कुठल्याच कागदावर नाहीत.

पाणलोट७:

नगर जिल्ह्याचं नाव आलं म्हणून. मी नव्वदच्या दशकात संगमनेर भागात पाणलोटाच्या कामावर होतो. फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडचे जेज्युइट पंथाचे धर्मगुरू, १९४८मध्ये इथे आले. मराठी आमच्यापेक्षा चांगलं बोलायचे. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम नाबार्ड आणि जर्मन मदतीवर उभा राहिला त्यामागे तेच. १९९३ला क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी वॉटर ही संस्था काढली.

पैसा जर्मनीचा होता, पण तो असाच मिळत नव्हता. अट अशी की गावाने आधी काही दिवस श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळायची, आणि ग्रामसभेत सगळ्यांनी ठरवायचं. ज्यांच्याकडे शेळ्या आहेत आणि जमीन नाही, त्यांचं काय? बैठक तिथेच अडायची. रात्री अकरा-अकरापर्यंत. शेळीवाल्या बायका उठून म्हणायच्या, "डोंगर बंद केला तर आम्ही चारायचं कुठं, तुमच्या फादरच्या अंगणात?" आणि त्यांचं खरं होतं. मग कुठला भाग कधी उघडायचा, कापलेलं गवत आधी कुणाला द्यायचं, हे ठरेपर्यंत कुदळ लागत नसे.

काम माथ्यापासून पायथ्याकडे. प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन पट्ट्यांना दोन टोकं बांधायची, दोन माणसं उताराने चालणार आणि पाण्याची पातळी जुळली की तिथे खूण. त्या खुणांवरून सलग समतल चर. ही नळी धरायला इंजिनिअर लागत नाही. दरेवाडीत सातवी नापास पोरं चराची आखणी अशी बिनचूक करायची की कृषी खात्याचे लोक बघायला यायचे. प्रत्येक गट नंबरावर नवरा-बायको दोघांना बांधावर उभं करून विचारायचं, इथे काय करायचं. बायकोला विचारणं हे त्या वेळी गावात कुणाला पटत नव्हतं.

बाखर २०२१मध्ये गेले. ख्रिस्ती करण्याचा विषय त्या कामात मी एकदाही ऐकला नाही, आणि मी स्वतः माळकरी आहे.

दगडफूल:

नगर जिल्ह्यातलंच जामखेड राहून गेलं तर कसं चालेल? डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकून ते आधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं की तेच जुलाब, तोच ताप, तीच कुपोषित मुलं परत परत येतात, बरी होऊन जातात आणि पुन्हा येतात. १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केलं तेव्हा हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती.

त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, अनेक दलित, काही परित्यक्ता. त्या जामखेडला येऊन शिकायच्या, रात्री एकत्र झोपायच्या. एकाच मोठ्या पांघरुणाखाली वेगवेगळ्या जातींच्या बायका झोपल्या, हेसुद्धा तिथलं शिक्षण होतं. बाळंतपण, लसीकरण, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचा डाग ओळखणं, हे सगळं त्या करायला लागल्या. पाण्याच्या बोअरच्या जागा दलित वस्तीत ठरवल्या, म्हणजे हंडा घेऊन सगळ्यांना तिकडेच यावं लागलं. हातपंपाने जे केलं ते शंभर भाषणांनी झालं नसतं.

१९७९मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. आज गावोगावी आशाताई दिसतात, ती योजना २००५ला आली. त्याच्या तीसहून जास्त वर्षं आधी जामखेडच्या बायका तेच काम करत होत्या.

कृष्णाकाठ:

पाणलोट७ आणि दगडफूल, मी खूप शिकलो. माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण जामखेडसारख्या कामाला तो लागू नाही हे मान्य करतो.

एक विचारतो. परदेशी पैसा आला की संशय येतोच. २०२०मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा कडक झाला. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत आला पाहिजे, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, ऑफिस खर्च वीस टक्क्यांच्या आत. मला यात गैर वाटत नाही. हिशेब चोख असेल तर अडचण कसली?

वडाच्या_पारावर:

कृष्णाकाठ, वडील आयुष्यभर एका मिशन हॉस्पिटलात अकाउंटंट होते, म्हणून सांगते. नाव घेत नाही. हॉस्पिटल कायद्याच्या खूप आधीच खचायला लागलं होतं. पूर्वी परदेशातून डॉक्टर यायचे ते नाममात्र पगारावर, यंत्रं भेट म्हणून यायची, त्यामुळे गरिबाला दहा रुपयांत ऑपरेशन परवडायचं. डॉक्टर यायचे थांबले, यंत्रं महाग झाली, शेजारी खाजगी हॉस्पिटलं उभी राहिली आणि आमच्याकडे शिकलेले सर्जन तिकडे गेले. दर वाढवले तर गरीब येईना, न वाढवले तर पगार होईना. बाबा महिनाअखेरीला वहीवर हात ठेवून नुसते बसायचे. सिस्टर सहा-सहा महिने पगाराविना ड्यूटीवर यायच्या.

पुढे देता येत नाही हा नियम छोट्यांना बसला. मोठ्या संस्थेकडून थोडे पैसे घेऊन आदिवासी पाड्यावर एक बालवाडी चालवणारी संस्था स्वतः दिल्लीत खातं काढून कागदं करू शकत नाही. त्यांचा हिशेब चोखच होता.

शिरगावकर_वाडा:

उशिरा आलो. कोकणातल्या आमच्या घरावर मंगलोरी कौलं आहेत, मागच्या बाजूला इंग्रजीत बासेल मिशनचं नाव उठवलेलं. १८६५ला त्यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, कारण धर्म बदललेल्यांना गावात कुणी काम देईना. गवताच्या छपराला दर पावसाळ्याआधी शाकारणी लागे, ती गेली आणि आगीची भीतीही गेली. एवढंच सांगायचं होतं.

भुईचा:

निंबोणीताई, एक विचारतो. आमच्या त्या पडक्या मिशन शाळेच्या व्हरांड्यात आम्ही चार जण संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. छप्पर नाही, पण व्हरांडा शाबूत आहे, लाइट शेजारून घेतली आहे. सात मुली बारावी सायन्सला आहेत, त्यातल्या चौघींना नर्सिंगला जायचंय. सीईटीची पुस्तकं आहेत, शिकवायला बायोलॉजीचं कुणी नाही. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर?

निंबोणी:

मी स्वतः बी.एस्सी. झूऑलॉजी आहे. रविवारी सकाळी सहाची गाडी धरली तर दहापर्यंत पोचेन. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. मुलींना सांगा, येताना प्रत्येकीने घरून एक चादर आणा. पहिल्या दिवशी कोपरा घालायला शिकवते.